काचेच्या मजल्याखालून

मांडवीजवळच्या ग्रंथालयात
कपाटांच्या मजल्याची जमीन काचेची आहे.
खाली उभा राहून मी एकवीस वर्षं
वाचकांचे तळवे पाहतोय :
पेन्शनरांचे घासत जाणारे,
परीक्षार्थींचे एका जागी थिजलेले.

इरावती शिर्केचे थांबायचे
प्रवासवर्णनांपाशी. पुस्तक एकच,
खानविलकरांचं. संस्थानचा मोजणीदार,
उंटावरून रण पालथं घातलेला,
आता एका चौकाचं नाव.
चिठ्ठीवर आधीची तारीख १९५८ ची,
मग तिच्या नऊ, एकाखाली एक.

पहाटे अकोटा पुलाखाली
कमरेला दोर बांधून ती वाळूचं पोतं ओढायची.
हवालदार म्हणाला, "बेन, मगर छे."
ही म्हणाली, "मला पाणी कुठं हवंय?"
सांगताना सेव-उसळीचा ठसका लागला तिला.

पौषात गेली. एकटी, एक उंटीण.
पुस्तकही नेलं.
मी पेन्सिलीनं पुढची तारीख टाकली,
नियमात बसत नव्हती ती.

चैत्रात डोक्यावर पावलं वाजली,
डावं जरा उशिरा पडत होतं.
दंड अडुसष्ट रुपये, तरीही.
तिनं सुट्टे मोजून दिले,
रणाबद्दल चकार शब्द नाही.

रात्री पुस्तक उघडलं तर शिवणीतून
राखाडी कण सांडले. जिभेला लावले. खारट.
पान एकशे बारा :
‘प्राण कंठाशी आले असता
वाटाड्याने बेटावरची विहीर दाखविली.’
हा उतारा शाळेत मी घडाघडा म्हटला होता,
बक्षीस कंपासपेटी.
वाटाड्या काळा की गोरा, विचारलं नव्हतं.

त्या शब्दाखाली आता रेघ.
समासात गिचमिड, बहुधा हलत्या उंटावरून :
हमीर वंका. रबारी. पणतू भेटला.
विहीर तेच उपसतात. पाणी गोड.
खाली, निराळ्या दिवशी, टोक काढलेल्या पेन्सिलीनं :
बाकी सगळं तुम्ही लिहिलंत तसंच आहे.
तुमच्यामुळे आले.

पुस्तकात लिहू नये, ही पाटी
मीच रंगवलेली.
खणातून खोडरबर काढला,
चिठ्ठीवरची माझी ती तारीख खोडली
आणि पुस्तक जागेवर लावलं.