पुसणे

शॉट क्रमांक चाळीस. एकशे अठरा फ्रेम.
सूचना एका ओळीची: काचेतला माणूस काढा.

माँट्रियलमध्ये त्या रात्री उणे एकोणीस.
खाली बर्फ उचलणाऱ्या गाड्यांचे भोंगे,
वर आमच्या खोलीत पडदे ओढलेले, दिवे मालवलेले,
रंग पारखायचा तर अंधार लागतो.

माझ्याकडे हिरवा होता.
हिरव्या पडद्यापुढे एक नटी, कुरळ्या केसांची.
की लावली की कपाळ, खांदे, कोट
मुकाट्याने सुटे होतात,
बटांपाशी मात्र यंत्र अडखळतं:
हे तिचं, की मागचं?
दोन केस वाचवावेत तर चार हिरवे होतात.

शेजारी जिस्लेन लेतूर्नो.
बारा वर्षं हेच करतेय.
उडणाऱ्या माणसाची तार,
तंबूमागे राहून गेलेली मोटार,
एका राणीच्या मनगटावरचा घड्याळाचा गोरा पट्टा.
कामाची पावती एकच,
कुणीतरी विचारावं, यात तू काय केलंस?

काचेतला माणूस बूम धरून उभा.
दोन्ही हात डोक्यावर, मान जराशी डावीकडे,
एक गुडघा सैल.
तिने आधी टोपी आखली. मग कोपर.
बिंदूमागून बिंदू, वक्राला हलका ओढा,
दर चौथ्या फ्रेमला थांबून बघणं
खांदा किती झुकला,
श्वास घेतल्यावर कोट किती वर आला.

मी म्हटलं, इतकी बारीक कड कशाला?
ढोबळ मास्क पुरेल, काचेत मागे नुसत्या विटा.
स्वच्छ प्लेट आहे, रंगवून टाक, दहा मिनिटांचं काम.

ती म्हणाली, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्याचं.
पाय असाच सैल सोडतो.

मी पेन खाली ठेवलं.

रेजाँ लेतूर्नो, ध्वनिविभाग.
एकतीस वर्षं
चौकटीबाहेर राहण्याचा पगार घेतलेला माणूस.
चित्रीकरण ऑक्टोबरात झालं, डिसेंबरात तो गेला.
चुकला तो इथे, बेकरीच्या काचेत,
आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही त्या दिवशी.

मी म्हटलं, मग राहू दे ना. कोण बघतंय?
ती हसली, तोंड न वळवता.
बूम दिसला तर बाबा रात्री जेवायचा नाही.
राहू कसा देऊ?

माझ्या भाषेत पुसणं दोन तऱ्हांचं.
एक फडक्याने.
दुसरं, जुनी माणसं वाट पुसत पुसत
परक्या गावी पोचायची, ते.
हे सांगायला माझं फ्रेंच पुरलं नसतं.
तिचं पेन मात्र चालत होतं,
आणि त्यातलं कुठलं पुसणं कुठे संपतं
मला कळेना.

चारच्या सुमाराला काच रिकामी झाली.
विटा, त्यांवर थोडा ऊन्हाचा तिरपा पट्टा,
आत पाव रचणारी बाई. बस.

मग तिने एक बटण दाबून रंग काढून घेतले.
उरला नुसता मास्क:
काळ्यावर पांढरा माणूस,
एकशे अठरा फ्रेम, दोन्ही हात वर,
हातात काही नाही,
कारण बूमचा आकार वेगळ्या थरावर होता
आणि तो तिने बंद ठेवला होता.

तीनदा फिरवून बघितला.

बाही थरथरतेय, ती म्हणाली,
आणि त्रेसष्टाव्या फ्रेमवर परत गेली.