दिवस अठ्ठाविसावा

मी फक्त मोजते.
उजव्या हाताखाली टिकटिक यंत्र,
एक बटण पांढऱ्या पेशींचं, एक परजीवींचं.
दोनशे पेशी भरल्या की थांबायचं,
आकडा लिहून काच पालथी ठेवायची,
कारण तीच काच नंतर परेरा वाचते
आणि आमचं जुळलं नाही तर तिसरा.
आम्ही काचांबद्दल एकमेकांशी बोलत नाही.
डब्यातल्या भाजीबद्दल बोलतो.

कोण अ गटात, कोण ब, मला ठाऊक नाही.
कुणाला जुनी जोडी, कुणाला नवी,
गोळ्या दोन्हीकडे पिवळ्याच.
डॉक्टर घैसास पडद्यापलीकडे समजावत असतात:
एक औषध धाड घालतं आणि लवकर दमतं.
दुसरं मागे राहतं, गल्लीबोळ तपासत,
दडून बसलेल्यांसाठी, कितीतरी दिवस.
एकटं एकच दिलं तर ताप शहाणा होतो,
म्हणून दोघं.
समोरचा मान हलवतो.
विचारतो, हजेरी बुडेल का?

सत्तेचाळीस नंबर. सोमाय हेंब्रम.
नाव मला कळायला नको होतं.
पण शून्याव्या दिवशी रक्त घेणारी रजेवर होती
आणि तो बाकावर हुडहुडत होता,
म्हणून बोट मीच धरलं.
सिमेंट खाऊन इतकं राठ
की सुई दोनदा टोचावी लागली.
अंगठ्यावर संमतीपत्राची जांभळी शाई अजून ओली,
आणि मग काचेवरही जांभळंच सगळं,
अंगठ्याच अंगठ्या,
बारीक, एका खड्याच्या,
बेताच्या साखरपुड्यात असतात तशा.
एकेका पेशीत दोन दोन.
मोजता मोजता बटणावरचं माझं बोट दुखलं.

तिसऱ्या दिवशी अंगठ्या गेल्या.
सातव्या दिवशी चंद्रकोरी, चार.
यांनी ताप येत नाही.
हे डासासाठी राखून ठेवलेलं असतं.
चौदा, स्वच्छ.
एकवीस, स्वच्छ.
त्या दिवशी गाडीभाडं आणि बिस्किटाचा पुडा घेऊन
तो हसत गेला म्हणे.

अठ्ठाविसाव्या दिवशी आला नाही.

एकोणतिसाव्याला म्हसकरबाईंबरोबर मी अँटॉप हिलला गेले,
माझं ते काम नसताना.
साइटच्या भिंतीवर पालिकेची नोटीस,
नोटिशीखाली पिंप, झाकण नाही,
पाण्यावर अळ्या आडव्या पडलेल्या.
आडव्या म्हणजे त्याच.
म्हसकरबाईंनी न बोलता पिंप लाथेने कलंडवलं,
साडी भिजली.
मुकादम म्हणाला, वो टोली? घोडबंदर गयी.
नहीं, पनवेल. स्लॅब पड गया ना.
चौदाव्या मजल्यावर, जिथे अजून भिंत नव्हती,
कुणाची तरी लुंगी वाळत होती.

फॉर्मवर त्यासाठी चौकोन आहे: पाठपुरावा तुटला.
टिक केली.
आता तो बराही नाही, आजारीही नाही.
सांख्यिकीवाल्यांकडे अशांसाठी सूत्र असतं,
त्यात सोमायला कुठे ठेवतात
ते मी विचारलं नाही.

आठवड्याने फोन लागला.
मागे काँक्रीटचा मिक्सर घरघरत होता.
बुखार नहीं है दीदी, काम पे हूँ.
मग जरा थांबून, अगदी मनापासून काळजीने,
उँगली यहाँ से कैसे दूँ?

मी ते समासात पेन्सिलने लिहिलं.
घैसास वाचून म्हणाले, हा काही पुरावा नाही.
खरंच आहे. ताप नाही म्हणजे
रक्तात काही नाही असं नव्हे,
हे मला त्यांच्याहून जास्त दिसतं, रोज, हजारपट मोठं करून.
रबर त्यांच्याच टेबलावर होता.
तो मी उचलला नाही, त्यांनीही नाही.

पेटीत सत्तेचाळीसच्या रांगेत एक खाच रिकामी आहे.
पुढची काच सरकव ना, जागा वाचेल,
परेरा म्हणाली.
काचेबद्दल ती पहिल्यांदाच बोलली.
उद्या बघू म्हटलं,
आणि डबा उघडला.