नव्या भाडेकरणीला, पळायच्या जागांविषयी

निलोफर, तू जिन्यात विचारलंस,
रात्रपाळी करून आलेली, दुधाची पिशवी हातात,
"काकू, इथं धावायला चांगली जागा कुठली?"
मी म्हणालो, सवडीनं सांगतो.
तू हसलीस.
तुमच्या लातुराकडं बायका 'सांगते' म्हणत असतील.
आमच्यात बायकासुद्धा येतो, जातो, पळतो.
होईल सवय.

रंकाळा सगळेच सांगतील.
पण संध्याकाळी जाऊ नकोस.
भेळ, फुगे, भाजकं कणीस,
आणि चौघांची ओळ हातात हात घालून,
घंटी वाजवली तरी वाट न देणारी.
पहाटे जा. पाण्यावर वाफ असते,
पॅलेसचं घड्याळ धुक्यात अर्धंच दिसतं
आणि अर्ध्या घड्याळाचा धाक वाटत नाही.
संध्यामठ पावसाळ्यात बुडतो, उन्हाळ्यात वर येतो.
मी माझी वर्षं त्याच्यावर मोजतो.

विद्यापीठात झाडी आहे, मोर आहेत,
आणि एक चढ आहे, डोळ्याला न दिसणारा.
पोटरीला बरोबर कळतो.
तिथला रखवालदार शिट्टी मारतो, घाबरू नकोस,
ती कुत्र्यांसाठी असते.
टेंबलाईच्या पायऱ्या आषाढ सोडून कधीही.
कळंब्याला वारा फार,
जाताना पाठीत हात घालून ढकलतो,
येताना तोच हात छातीवर.

मैदानावर भरतीची पोरं-पोरी पळतात.
त्यांच्यात मिसळू नकोस.
आपण साखरेसाठी पळतो, गुडघ्यासाठी पळतो,
ती नोकरीसाठी पळतात,
पोटात रात्रीपासून दोन केळी.
गडहिंग्लजकडच्या एका पोरीनं
माझ्या हातात घड्याळ दिलं होतं, "मावशी, तेवढं धरा."
आठशे मीटर.
दोन सेकंदांनी हुकली.
"किती?" म्हणाली, ओणवी, हात गुडघ्यांवर.
मी खरं ते सांगितलं.
नंतर ती दिसली नाही.
कधी कधी वाटतं, ती दोन सेकंद
मीच खिशात घालून घरी आणली.

मी सेहेचाळिसाव्या वर्षी सुरू केलं,
ह्यांच्या कॅनव्हासच्या बुटात कापूस कोंबून.
गंगावेशीत म्हशींच्या धारा काढत होते,
कट्ट्यावरचे पेले ओठाशी थांबले.
"काय वैनी, कोण मागं लागलंय?"
दुसऱ्या दिवशीही विचारलं. तिसऱ्याही.
आठव्या दिवशी कुणीतरी पेलाच पुढं केला,
फेसासकट, कोमट.
पैसे घेतले, पण प्रश्न काढून टाकला.

एक सांगतो, तू धावणं म्हणतेस ते ठीक,
आम्ही पळणं म्हणतो, आणि त्यात घोळ आहे.
आमच्या आळीत 'पळाली' म्हटलं
की पोरीचा एकच अर्थ.
माझी धाकटी बहीण वंदाक्का,
तिला लोक अजून पळालेली म्हणतात.
ती तर चालत गेली होती, भर दुपारी,
पिशवी घेऊन, एसटीचं तिकीट काढून.
पळतो मी, वीस वर्षं होत आली,
रोज, सगळ्यांच्या देखत,
आणि सातच्या आत परत येऊन कुकर लावतो.

आता चांगली जागा कुठली, विचारशील तर
मला नीट सांगता येत नाही.
जिथं आपला श्वास आपल्यालाच ऐकू येतो
आणि लाज वाटत नाही, ती असावी.
कधी ती रंकाळ्यावर असते, कधी आपल्याच बोळात,
गिरणीपासून मारुतीपर्यंत,
शंभर पावलं, मग वळायचं.

तटाकडेला तिसऱ्या दिव्याच्या खांबाशी
एक फरशी हलते.
तिनं माझा घोटा नेला होता, तीन आठवडे.
सांगून सापडत नाही ती,
दिसायला बाकीच्यांसारखीच आहे.
सुट्टीच्या दिवशी पावणेसहाला जिन्यात पाय वाजले
तर समज, मी निघालो.
हळूच जातो आता.
तेवढ्या फरशीपर्यंत तरी ये,
दाखवून ठेवतो.