नऊ म्हणजे नोंद नाही

बोरपाटीत माझं काम एवढंच:
लोकांना हसायला सांगायचं.

शून्य म्हणजे निरोगी, एक म्हणजे शंकास्पद,
दोन, तीन, चार, आणि मग पाच,
टाकी लावलेल्या जात्यासारखा खड्ड्याखड्ड्यांचा दात.
नऊ म्हणजे नोंद नाही.
नांदेडला, हॉस्टेलच्या गच्चीवर,
पाढ्यासारखं पाठ केलं होतं सगळं
सरांनी दिलेल्या रंगीत फोटोंवरून.
फोटोतली माणसं ओठांपाशी संपत होती.

नमुना तीनशे चौऱ्याऐंशी.
दहा टक्के गळती धरून चारशे तेवीस.
गळती हा शब्द माझ्या शास्त्रातही आहे,
गावात फक्त नळाला आहे,
नळाला पाणी नाही.

हापशाचा नमुना घेण्याआधी
पन्नास दांडे मारून पहिलं पाणी जाऊ द्यायचं.
पहिल्या दिवशी रांगेतली बाई म्हणाली,
"एवढं पानी कामून सांडायलीस माय?"
मी प्रोटोकॉलला मराठी शब्द शोधला,
सापडला नाही,
मग तिचीच घागर तोटीखाली सरकवली.
आता सगळीकडं तसंच करते.
प्रबंधात हे कोणत्या प्रकरणात घालायचं
ते अजून ठरलेलं नाही.

हापसा क्रमांक दोन पंचायतीनं लाल रंगवलाय.
तेव्हा लालभडक असेल,
आता विटून गुलाबी, लग्नाच्या पत्रिकेसारखा.
हापसा क्रमांक चार हिरवा. पाणी गोड.
माळाच्या पलीकडं.
प्रश्न सतरावा: लाल रंगाचा अर्थ माहीत आहे का?
शंभरातले ब्याण्णव 'हो'.
'मग तरी?' हा प्रश्न प्रश्नावलीत नाही.
सोजरबाईनं तो माझ्या चेहऱ्यावर वाचला असावा.
"चारवर जायला गुडघे लागत्यात," ती म्हणाली,
"आन् गुडघे दोननं खाल्ले."
सरपंच तिचा सख्खा पुतण्या.
"तक्रार कुनाची करू? आपलेच दात, आपलेच ओठ."

शिवकांता, वय सोळा,
गॅदरिंगच्या फोटोत ओठ घट्ट मिटलेले.
माझ्यासमोर तोंडावर भूगोलाची वही.
आई म्हणते, "दाव की, डाक्टरीण हाय."
ती मान हलवते.
कधीही नकार देण्याचा हक्क आहे,
असं संमतीपत्रात मीच टाईप केलंय.
वाचून दाखवताना तो परिच्छेद
मी नेहमी जरा भरभर उरकते.

वहीमागून ती म्हणाली,
"आधी तुमचे दावा."

तीन महिने मी
मास्कमागून लोकांना हसायला सांगत होते.

काढला.
बिलोलीला बोअरच्या पाण्यावर नऊ वर्षं गेली माझी.
पुढच्या दोन दातांवर चुन्याचे ढग,
डावीकडं चहा सांडल्यासारखी रेघ.
तिनं माझ्या हातातून टॉर्च घेतली,
हनुवटी उजेडाकडं वळवली,
अगदी माझ्यासारखी.
द्वारका आशाताईंनी हसू पदरात दाबलं.

"तीन," शिवकांता म्हणाली.
सकाळपासून माझे आकडे उलटे वाचत होती पोरगी.
"दोन," मी म्हणाले.
"तीन."
दोन तपासनिसांचं एकमत
शून्य पूर्णांक आठच्या वर हवं, असं सर म्हणतात.
आमचं झालं नाही.

मग ती हसली. वहीमागं.
मला फक्त ऐकू आलं.
तिच्या रकान्यात मी नऊ लिहिलं.
माझ्यासाठी रकाना नव्हता.

प्लास्टिकची बाटली घेतली,
काचेची चालत नाही, फ्लोराईड काचेलाही चावतं,
आणि दोनकडं निघाले
पन्नास दांडे मारायला.
ऊन कडक होतं. घसा सुकला होता.
चार लांब होता.