एकोणीस

खिडकी क्रमांक चार. काचेपलीकडचा पोरगा
पडद्यावर बोट टेकवत मोजतोय माझी वर्षं,
जशी मी मोजायचे पट्ट्यावरच्या कोंबड्या,
मिनिटाला पस्तीस,
वरचे साहेब बघायला आले की चाळीस.

"एकूण चाळीस क्रेडिट लागतात, बाई.
तुमची त्याहून जास्त आहेत."
माझा जीव भांड्यात पडतो.
"पण त्यातली वीस गेल्या दहा वर्षांतली हवीत.
अपंग झालात त्या दिवसापासून मागे दहा.
तुमची भरतात एकोणीस."

एकोणीस.
शब्दाच्या पोटातच उणं बसलंय.
वीस म्हणायला निघालेलं तोंड
एका पायरीवर थबकतं.

वर्षाला चारच मिळतात, तो समजावतो,
दोन पाळ्या करा, नाताळला कामावर या, चारच.
आवाज चांगला आहे त्याचा. नखं कुरतडलेली.
मग विचारतो,
"दोन हजार अकरा ते पंधरा?
इथे रिकामं दिसतंय."

रिकामं.
आईला अर्धांग झाला होता, साहेब.
इमोजीन हार्गिस, वजन एकशे नव्वद पौंड,
दर दोन तासांनी कूस बदलायची,
रात्री गजर लावून.
माझे खांदे कोंबड्यांनी खाल्ले की तिनं,
ते डॉक्टरलाही सांगता येत नाही.
चमच्यानं भरवलेल्या सूपावर कर लागत नाही,
म्हणून ते काम नव्हे.
तो मान हलवतो. त्याच्या रकान्यात
मान हलवण्याची जागा नाही.

आणि मला एकदम आठवतात भोपळे.

तेराच्या शरदात डेल्बर्टच्या शेतावर आठ आठवडे.
आईला पिकअपमध्ये बसवायचे, काच खाली,
मांडीवर रेडिओ,
आणि मी ओळीनं भोपळे तोडत जायचे
तिचं डोकं दिसेल इतक्याच अंतरावर.
शुक्रवारी डेल्बर्ट नोटा मोजून हातात द्यायचा, रोख.
"सरकारला कशाला कळवायचं, ट्वायला?
सगळे तुझेच."
केवढे आभार मानले होते मी त्याचे!
एकदा पाय-सुद्धा करून नेला होता,
त्याच्याच भोपळ्याचा.

डेल्बर्ट गेला तीन वर्षांमागे.
पोरगा म्हणतो, पुरावा आणा.
मालकानं मजुरी कळवलीच नसेल
तर जुनी नोंदही कधीकधी दुरुस्त होते.
कधीकधी.
हा शब्द तो सांभाळून ठेवतो काउंटरवर,
अंडं ठेवावं तसा.

नीव्हाच्या स्वयंपाकघरात
बिस्किटांच्या डब्यात नवऱ्याच्या वह्या आहेत.
त्यानं सगळं लिहिलं होतं.
डिझेल. दोरी. कुत्र्याचं इंजेक्शन.
"ट्वायला, ४१ तास."
खाली, "दोन भोपळे फोडले, वजा चार डॉलर."
ते चार डॉलर मला आजही झोंबतात,
आणि त्या चार डॉलरांचीच मला गरज आहे,
कारण इतकं खरं कोण खोटं लिहील?

नीव्हा वहीवर हात ठेवून बसते.
"हे दिलं तर माझ्याकडे येतील का ते?
शेत विकून राहिलंय काय, हे घर."
मला ठाऊक नाही, मी म्हणते.
खरंच ठाऊक नाही.
बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर बंद पडतो, पुन्हा सुरू होतो.
ती उठते, कॉफी ठेवते,
मला दूध लागत नाही हे विसरून दूध काढते.

वही मेजावरच.
पुढचा आठवडा पुढच्या पानावर आहे.
माझ्या अंगठ्याला कागद कळत नाही आता,
बटण कळत नाही, नाणं कळत नाही.
मी पान उचलायला बघते, दोन उलटतात.
परत बघते, एकही नाही.

नीव्हा ओट्यापाशी उभी राहून
हे सगळं बघते.
मग येते, बोट थुंकीनं ओलं करते,
आणि पान उलटते.