टांगणी

आमच्या देवळाची दक्षिणेकडची खिडकी
माझ्या नवऱ्याने बिघडवली.
तशी ती साधीच: शिशाच्या पट्ट्या, जुनी काच,
तिच्यातून दिसायचा फक्त समुद्र
आणि उपदेश लांबला तर एखादा पाणकावळा.
सात वर्षांपूर्वी आयलर्टने खालची जमीन घेतली,
लोफोटेनच्या वाऱ्याला तोंड करून
गावातली सगळ्यात उंच वलांडी उभारली.
आता फेब्रुवारी ते मे
त्या खिडकीतून कॉड मासेच दिसतात,
शेपटीला शेपटी बांधलेले, जोडीजोडीने,
मुंडकी उडवलेले.

आम्ही तिसऱ्या बाकावर बसतो. खिडकीपाशी तो.
पाळकबाई सिन्नोव्हे हात वर करतात,
सगळे मान खाली घालतात,
आयलर्ट आभाळाकडे बघतो.
नवख्याला वाटावं, काय भक्ती!
मला ठाऊक आहे, तो ढग बघतोय.
फार गोठलं तर मांस फुटतं,
ऊन चढलं तर माश्या बसतात,
पाऊस सलग चार दिवस लागला
तर इटलीचा व्यापारी एक नंबरचा माल दोन नंबरात ढकलतो.
जीव टांगणीला लागतो म्हणतात.
त्याचा तर रीतसर लागलाय, सुतळीने, जोडीत.
दुसऱ्या टोकाला कोण बांधलंय, ते मी बोलत नाही.

एकच रांग होती आमची तेव्हा,
होडी त्याच्या मामाची, जाळं उसनं,
चुलीत ओलं लाकूड,
तेव्हा हा माणूस गायचा.
बेसूर. ऑर्गनवरची गुडनी
त्याच्या स्वराला घाबरून पट्टी बदलायची.
देऊळ गारठलेलं असायचं,
त्याच्या तोंडातून वाफ निघायची शब्दाशब्दाला,
आणि मला वाटायचं,
विश्वास डोळ्यांना दिसत असेल तर असाच दिसत असेल.

त्याला लोभी म्हणाल तर माझं भांडण होईल.
दारू नाही, जुगार नाही,
अर्पणाच्या थैलीत नोट टाकतो,
घडी न घालता.
रात्री नुसता उठून बसतो.
“झोप,” म्हणते. “एवढा हंगाम निघू दे,” म्हणतो.
हंगाम निघतो. मग भाव. भावानंतर छप्पर. छपरानंतर
ट्रोम्सोच्या बँकेतला तो काळ्या चष्म्याचा पोरगा,
जो फोनवर विचारतो, पैसा नुसता झोपवून का ठेवलाय?
झोपत असेल बाबा,
आमच्या घरात तोच एक.

मार्चमध्ये विदास आजारी पडला, लिथुआनियाचा,
अकरा हंगाम आमच्या माशांची मुंडकी ओवणारा.
पाळकबाई दारात आल्या:
बंदरावरची तुमची तांबडी खोली रिकामी आहे,
पंधरा दिवस द्या त्याला, बराकीत ओल आहे.
आयलर्ट नाही म्हणाला नाही.
“ईस्टरचे पर्यटक येऊन जाऊ देत,” म्हणाला.
त्यांना कॉफी दिली. वर साय घातली.
विदास बरा झाला, सिन्नोव्हेंच्या माडीवर.
कामाला परत आला. काही बोलला नाही.
त्याचं ते न बोलणं मात्र
आमच्याकडेच राहायला आलं.

काल रात्री दोनला अंथरूण गार लागलं.
बूट चढवून खाली गेले.
एप्रिल संपताना इथे अंधार पुरता पडत नाही,
निळसर उजेडात तो माशांखाली उभा,
बोट वर, ओठ हलताहेत.
सुकलेले मासे वाऱ्याने एकमेकांवर आपटत होते,
लाकडासारखे खडखडत.
“मोजतोयस?”
“मोजत होतो,” म्हणाला. “सहाशे चाळीसच्या आसपास
मध्येच ती प्रार्थना आली, आईने शिकवलेली.
आजच्या भाकरीपाशी अडकलो.
पुढचं आठवेना, मागचा आकडाही गेला.”
बाहीला नाक पुसलं
आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

काय, ते मी विचारलं नाही.
ओठ हलत होते. थंडी होती.
तोंडातून वाफ निघत होती.