दुप्पट टपाल

टॉडमॉर्डनच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर
एका खोक्यात अ‍ॅब्सलम क्रॅबट्रीची पत्रं आहेत.
मी त्यांची यादी करते, दर मंगळवारी,
हीटरजवळची खुर्ची मिळाली तर.

हातमागाचा विणकर. कागद महाग,
म्हणून पान आडवं लिहून संपलं
की तो ते फिरवायचा
आणि त्याच ओळींवरून उभं लिहीत जायचा.
ताणा आणि बाणा.
वाचताना डोळ्यांनी एक धागा धरावा लागतो,
दुसरा सोडून द्यावा लागतो;
सुटलेला मधूनच बोटांत येतो:
"भिंतीच्या उत्तर अंगाला, पाणचक्कीमागे"
आणि त्याला छेदून, "सॅराचा खोकला तसाच."

पलीकडे एडिंबराचे डॉक्टर पिटकेर्न.
जाड कागद, रुंद समास, एका पानावर नऊ ओळी.
"प्रिय महोदय, आपण पाठवलेलं शेवाळ..."
(माझ्या भाषेत ह्या सगळ्याला शेवाळच म्हणतात,
विहिरीच्या पायरीवरचं, कौलावरचं, डबक्यातलं.
घसरून पडलं की नाव घ्यायचं, एरवी नाही.
अ‍ॅब्सलमकडे एकशे बारा नावं होती,
लॅटिन, रविवारी गुत्त्यात बसून
चार विणकरांत एकच पुस्तक फिरवत पाठ केलेली.)

अठराशे छत्तीसचा मार्च.
तेव्हा टपालाचे पैसे बहुधा घेणाऱ्यानं भरायचे,
अंतरावर, आणि किती कागद त्यावर;
आत पुडी असली तर दुप्पट.
डॉक्टरांना हे ठाऊक असणार.
ठाऊक असणं आणि लक्षात असणं
ह्यांत कधी कधी दोन शिलिंगांचं अंतर असतं.

दोन शिलिंग. आठवड्याची कमाई सहा.
त्याच्या वहीत त्या दिवशी एवढंच:
"पत्र आलं. हातात घेऊन पाहिलं.
आत काहीतरी मऊ होतं.
परत दिलं."

मग ते लंडनला, बेवारस पत्रांच्या कचेरीत.
तिथल्या कारकुनानं लाख फोडली,
पाठवणाऱ्याचं नाव शोधलं, वर लिहिलं, "नाकारले,"
आणि पत्र आल्या पावली एडिंबराला.
डॉक्टरांनी काय समजायचं ते समजून घेतलं.
त्यानंतर खोक्यात त्यांचं एकही पत्र नाही.
हेसुद्धा आलं ते एकोणीसशे अठ्ठावन्न साली,
त्यांच्या पणतीकडून, पार्सलनं,
टपालखर्च आधीच भरून.

"महोदय, पाणचक्कीमागचं शेवाळ आजवर कुणी नोंदलेलं नाही.
आपली हरकत नसेल तर त्याला आपलं नाव द्यावं म्हणतो.
होकार कळवावा. थोडा नमुना सोबत, पडताळून पाहावा."

होकार कळला नाही.
शेवाळाला डॉक्टरांच्या मेहुण्याचं नाव आहे.

कारकुनानं वाचलं, डॉक्टरांनी, पणतीनं, आता मी;
ज्याच्यासाठी होतं तो सोडून सगळ्यांनी.

पुडीत अजून आहे ते, चिमूटभर, तपकिरी.
म्हणतात, असल्या शेवाळावर थेंबभर पाणी टाकलं
तर कित्येक वर्षांनीही हिरवं होतं.
नियमात बसत नाही.
पाण्याची बाटली खाली लॉकरमध्ये ठेवावी लागते.

मी यादीत लिहिते: पत्र एक, नमुना एक,
टपाल देणे बाकी, दोन शिलिंग.
मग पुडी चाचपून पाहते, वरूनच,
न उघडता.
मऊ आहे.